न धुतलेला रोल आणि विमानतळावरचा पट्टा

वर्धा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमान गाठायचे तर पाऊणशे किलोमीटरवरचे नागपूर, आणि तिथला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ ज्या रस्त्याला लागून आहे त्याचे नावच मुळी वर्धा रोड. सेवाग्रामला येणारे परदेशी पाहुणे याच दारातून येतात. हिंगणीपलीकडच्या बोर व्याघ्र प्रकल्पात वाघाच्या मागावर येणारे छायाचित्रकारही इथेच उतरतात आणि हातभर लांबीच्या लेन्सा सांभाळत गाडीत बसतात. बोरला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा २०१४ साली मिळाला. गाभ्याचे क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. पण सामान मात्र लहान येत नाही.

डिजिटल कॅमेरेवाल्यांना सुरक्षा तपासणी म्हणजे दोन मिनिटांचा खोळंबा. कॅमेरा काढा, ट्रेमध्ये ठेवा, पलीकडून उचला. क्ष-किरणांनी मेमरी कार्डावरचा फोटो पुसला जात नाही. ही भीती अजून कुणाच्या मनात असेल तर तिला रजा द्यावी. खरा प्रश्न आहे तो रोलवाल्यांचा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी संपल्यासारखी वाटलेली फिल्म पुन्हा हातात दिसू लागली आहे. वडिलांच्या कपाटातला जुना कॅमेरा काढून त्यात पस्तीस मिलिमीटरचा रोल भरणारी मुले आज वर्ध्यातही भेटतात. लग्नाच्या मांडवात फोटो काढून तिथल्या तिथे हातात देणारा इन्स्टॅक्स कॅमेरा तर घराघरांत आहे, आणि त्यात जाते तीही फिल्मच, आणि ८०० आयएसओची, म्हणजे चांगली तेज, थोड्या उजेडात चालणारी. असा कॅमेरा आणि दोन पाकिटे घेऊन भाचीच्या लग्नाला बंगळुरूला निघालेल्या माणसाला आपण काही जपण्यासारखे नेतो आहोत याची बहुधा कल्पनाच नसते.

फिल्मवर नेमके काय घडते हे एकदा नीट पाहिले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर जिलेटिनचा थर, आणि त्या थरात विखुरलेले सिल्व्हर हॅलाइडचे, म्हणजे चांदीच्या क्षारांचे, अतिसूक्ष्म स्फटिक. एकेक स्फटिक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. प्रकाशाचे कण स्फटिकावर पडले की आत इलेक्ट्रॉन सुटतात आणि चांदीचे काही अणू एका ठिकाणी गोळा होतात. किती अणू? तीन-चार पुरतात. एवढा बदल कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली चित्र म्हणून दिसत नाही. पण रोल डेव्हलपरमध्ये गेला की ते तीन-चार अणू ज्या स्फटिकात आहेत तो आख्खा स्फटिक काळी चांदी होऊन बसतो. तीन-चार अणूंच्या खुणेचे रूपांतर कोट्यवधी अणूंच्या काळ्या कणात होते. निसर्गातल्या थोड्याच रासायनिक क्रियांमध्ये इशारा इतका मोठा होत असेल.

क्ष-किरण हाही प्रकाशच, फक्त कितीतरी पट अधिक ऊर्जेचा. दिसणाऱ्या प्रकाशाचे काही कण एकाच स्फटिकावर पडावे लागतात तेव्हा तो स्फटिक डेव्हलपरसाठी तयार होतो. क्ष-किरणाचा एकच कण स्फटिकात अडकला तरी काम होते, आणि त्याने उडवलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या स्फटिकांनाही घेऊन बसतात. फिल्मला मात्र दोन्हींत फरक कळत नाही. समोरच्या माणसाचा चेहरा असो की बॅगेच्या पट्ट्याखालून आलेला किरण, दोन्ही तिच्या लेखी जमाच. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखे तिचे वागणे आहे: लिहिलेले खोडता येत नाही, आणि रोल धुतला जाईपर्यंत नवी रक्कम जुन्यात मिळत राहते. आज नागपूर, उद्या मुंबई, परवा दुबई असा प्रवास करणाऱ्या रोलवर प्रत्येक यंत्र आपापली थोडी थोडी भर घालते. एक वेळ निभावली म्हणून पाचवी निभावेलच असे नाही. आजकाल अनेक शहरांत मेट्रो स्थानकाच्या दारातही यंत्र असते. तेही हिशेबात धरावे लागते.

गंमत अशी की ज्या गुणामुळे रोल विमानतळावर अडचणीत येतो, त्याच गुणाने भौतिकशास्त्राला विसावे शतक दाखवले. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि त्याच डिसेंबरात पत्नीच्या हाताचे जगप्रसिद्ध चित्र घेतले, ते छायाचित्रणाच्या काचेवर. दोन-तीन महिन्यांनी पॅरिसमध्ये आभाळ दाटलेले होते म्हणून आंरी बेकरेल यांनी युरेनियमचे क्षार आणि काळ्या कागदात गुंडाळलेली काच टेबलाच्या खणात ठेवून दिली. सूर्याविना फार तर पुसट खूण दिसेल या अपेक्षेने त्यांनी काच धुतली आणि तीवर डाग गडद उमटलेले निघाले. किरणोत्सर्गाचा शोध लागला तो असा.

आपल्याकडचा किस्सा तितकाच मोठा आहे, पण सांगितला कमी जातो. डी. एम. बोस आणि बिभा चौधुरी या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दार्जिलिंग आणि त्याहून उंच पहाडांवर इल्फर्ड कंपनीच्या छायाचित्रणाच्या काचा महिनोन्‌महिने ठेवून दिल्या. अवकाशातून येणाऱ्या कणांनी त्यांवर रेघा ओढल्या, आणि त्या रेघा मोजून दोघांनी ‘नेचर’मध्ये लेख लिहिले. युद्धामुळे त्यांना अधिक चांगल्या काचा मिळाल्या नाहीत. तशाच पद्धतीने पुढे गेलेल्या सेसिल पॉवेल यांना १९५० साली नोबेल मिळाले. बिभा चौधुरींचे नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवे होते असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आणि १९४५ चे कोडॅक प्रकरण. त्या वर्षी कंपनीच्या क्ष-किरण फिल्मवर विनाकारण ठिपके पडू लागले. ज्यूलियन वेब या कंपनीच्या शास्त्रज्ञाने मूळ शोधले ते फिल्मच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यात. हा पुठ्ठा इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्स इथल्या गिरणीत बनला होता, आणि नदीचे पाणी वापरून बनला होता. त्यात सेरियम-१४१ हे किरणोत्सारी द्रव्य निघाले. सेरियम आले कुठून? १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेल्या पहिल्या अणुस्फोटाची धूळ पावणेदोन हजार किलोमीटर दूर पावसाबरोबर उतरली होती. जगापासून लपवलेला स्फोट फिल्मच्या खोक्याने पकडला. वेब यांचा निबंध १९४९ साली छापून आला.

हीच फिल्म सेवाग्रामला दवाखान्यातही होती. कस्तुरबा रुग्णालय चाळीसच्या दशकात सुरू झाले आणि १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली, देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. क्ष-किरण विभागातल्या जुन्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: नुसती फिल्म क्ष-किरणांना फारशी दाद देत नाही. शंभरातले एखाद-दोन किरणच तिच्यात अडकतात, बाकीचे आरपार. म्हणून हाडाचा फोटो काढताना फिल्म दोन चमकणाऱ्या पडद्यांच्या मधे ठेवत. पडदे क्ष-किरण शोषून दिसणारा प्रकाश देत आणि फिल्म त्या प्रकाशाने उजळे. रोग्याला बसणारा मारा त्यामुळे कितीतरी घटला. विमानतळावरच्या हातातल्या सामानाच्या जुन्या धाटणीच्या यंत्रातून १०० किंवा २०० आयएसओचा रोल एकदोनदा गेला तर बहुधा काही दिसत नाही, त्यामागेही हेच कारण आहे. यंत्राचा मारा अगदी थोडा असतो आणि त्यातलेही बहुतेक किरण फिल्ममध्ये न अडकता पार निघून जातात.

पण फिल्म जितकी तेज तितके तिचे स्फटिक मोठे, आणि मोठ्या स्फटिकात किरण अडकण्याची शक्यता अधिक. ४०० पासून जपावे, ८०० ला नक्की जपावे, आणि ३२०० ची फिल्म यंत्रात घालूच नये, असा सर्वसाधारण शिरस्ता. इथेच वर्ध्याशी एक अनपेक्षित गाठ पडते.

गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले, आणि पुढे १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी आश्रमात कामाला होता. विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी त्याला फोटो काढायला सुचवले. आश्रमाकडे असल्या चैनीला पैसे नव्हते. शेवटी घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून एक रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आला. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ घ्यायला सांगायचे नाही, आणि आश्रम या छंदासाठी खर्च करणार नाही.

आश्रमातल्या गांधीजींच्या बापू कुटीत आज कुणीही जाऊन पाहावे. मातीच्या भिंती, बांबू, कौलारू उतरते छप्पर, जमिनीलगत बसण्याची जागा आणि खिडकीतून येणारा तेवढाच उजेड. अशा जागी फ्लॅशविना, त्या काळच्या मंद फिल्मवर, हलत्या माणसाचा फोटो काढायचा. कनूच्या कितीतरी चित्रांत चेहरा अर्धा अंधारात आहे, आकृती नुसती काळी छाया होऊन उभी आहे, हात हललेला आहे. त्या चित्रांचे सौंदर्य बऱ्याच अंशी या अटीचे देणे आहे. १९४६ मध्ये पुण्याला, डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात, ‘लाइफ’ मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी चरख्यापाशी बसलेल्या गांधीजींचा फोटो घेतला तेव्हा त्यांना आधी सूत कातायला शिकावे लागले, पण फ्लॅशचे तीन दिवे तरी मिळाले. कनूला तेही नाही.

आता कनूच्या अटी पाळून आजचा एखादा छायाचित्रकार बापू कुटीत फोटो काढू पाहील तर तो काय करेल? ८०० नाहीतर ३२०० ची फिल्म भरेल. म्हणजे नेमकी तीच, जी परतीच्या प्रवासात नागपूरच्या पट्ट्यावर सर्वांत नाजूक. कनूच्या काळी ही चिंता नव्हती. तेव्हा कुठल्याच विमानतळावर बॅगा पाहणारे क्ष-किरण यंत्र बसलेले नव्हते, आणि कनूचा प्रवास तर गांधीजींबरोबर तिसऱ्या वर्गाच्या डब्यातला.

यंत्रे सगळी सारखी नसतात, हे रोल नेणाऱ्याने आधी समजून घ्यावे. हातातले सामान ज्या जुन्या यंत्रातून जाते ते एका-दोन बाजूंनी किरण टाकते आणि सपाट चित्र दाखवते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगांचे यंत्र वेगळे आणि त्याचा मारा कितीतरी पट जास्त. नव्वदच्या दशकात अमेरिकेत या कामाला सीटी पद्धतीची यंत्रे आली. ती आधी बॅग वरवर पाहत, आणि संशयाची जागा दिसली की बोटभर रुंदीचा तीव्र झोत तिच्यावर टाकत. त्या झोतात सापडलेला रोल धुतला की एक विलक्षण गोष्ट दिसे. झोत सरळ रेषेत गेलेला, पण रोल डबीत गुंडाळलेला. छत्तीस फोटोंची दीड मीटरहून लांब पट्टी उलगडली की सरळ रेषेची होई लाट: वर, खाली, पुन्हा वर, एका फ्रेमवरून दुसरीवर. आतल्या वेढ्यांत लाटा जवळजवळ, बाहेरच्या वेढ्यांत लांब लांब. लाटेची ठेवण पाहून रोल बॅगेत आडवा होता की उभा तेही जाणकार सांगत. मामला इतका भूमितीचा की ज्याचा रोल गेला त्यालाही क्षणभर कौतुक वाटावे.

म्हणून पहिला नियम, आणि याला अपवाद नाही: न धुतलेला रोल मोठ्या बॅगेत कधीही टाकू नये. भरलेला कॅमेराही नाही, इन्स्टॅक्सची पाकिटेही नाहीत. फोटो काढून झालेले असोत वा नसोत, धोका सारखाच.

आता सीटी यंत्रे हातातल्या सामानासाठीही आली आहेत. त्यांत किरणांचा उगम बॅगेभोवती फिरतो, अनेक बाजूंनी चित्रे घेतो आणि पडद्यावर बॅग चहूबाजूंनी फिरवून पाहता येते. तपासणाऱ्याला हे वरदान. लॅपटॉप बाहेर काढण्याची कटकटही जाते. फिल्मच्या वाट्याला मात्र अधिक मारा येतो. कोडॅक आणि इल्फर्ड दोन्ही कंपन्यांचा सल्ला आहे की फिल्म सीटीतून जाऊ देऊ नये. इथे लाट उमटत नाही. नुकसान सर्वत्र सारखे पसरते: काळे काळे राहत नाही, दुधाळ होते, सावलीतला तपशील जातो, कण जाड होतात, रंगीत फिल्मवर रंगाची छटा चढते. फोटोवाल्यांच्या भाषेत रोल फॉग झाला. प्रयोगशाळेत चूक झाली असे समजून गिऱ्हाईक तिथे भांडत बसते, तो भाग वेगळा.

भारतात ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीने वर्षाला ५० लाखांहून अधिक प्रवासी असलेल्या विमानतळांना अशी यंत्रे बसवायला सांगितले आहे. नागपूरहून निघालेल्या माणसाने म्हणून पुढचा टप्पाही डोळ्यांसमोर ठेवावा. जाताना साधे यंत्र लागले तरी दिल्ली, मुंबई, बंगळुरूहून परतताना सीटी लागू शकते. ओळखायचे कसे? साधे यंत्र म्हणजे कमी उंचीचे बोगद्यासारखे खोके. सीटीचे धूड मोठे, गोलसर, गुबगुबीत, आणि तिथे लॅपटॉप बॅगेतच राहू द्या असे सांगितले जाते. तसे सांगितले गेले की रोलवाल्याने कान टवकारावे.

हे सगळे वाचून सुरक्षा यंत्रणेवर राग काढणारे छायाचित्रकार पाहिले आहेत. त्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले आणि ३२९ माणसे गेली. बाँब मोठ्या बॅगेत होता. त्या दिवशी टोरांटोला बॅगा तपासणारे क्ष-किरण यंत्र मधेच बंद पडले होते, आणि उरलेल्या बॅगा हातातल्या एका हुंगणाऱ्या उपकरणाने तपासल्या गेल्या. आपल्याकडचा सुरक्षा ब्युरो १९७६ च्या विमान अपहरणानंतर १९७८ मध्ये एका कक्षाच्या रूपात सुरू झाला होता. कनिष्कनंतर, १ एप्रिल १९८७ ला, तो स्वतंत्र विभाग झाला. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ कंदाहारला नेले गेले आणि त्यानंतर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल विमानतळांवर आले, पहिल्यांदा जयपूरला, फेब्रुवारी २००० मध्ये. कॅमेऱ्याकडेच संशयाने का पाहतात, याचे उत्तरही इतिहासात आहे. ९ सप्टेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानात अहमद शाह मसूद यांना मारणारे दोघे पत्रकार बनून व्हिडिओ कॅमेरा घेऊन मुलाखतीला गेले होते.

तर हाताने तपासणी मागायची. अमेरिकेत फिल्म हाताने तपासून मागण्याची सोय नियमातच लिहिलेली आहे. आपल्याकडे शेवटचा शब्द पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा, तेव्हा विनंती हेच हत्यार. जवान देशभरातले असतात, त्यामुळे मराठीपेक्षा हिंदी कामी येते: ‘सर, ये कच्ची फ़िल्म है, धुली नहीं है, मशीन में ख़राब हो जाएगी, हाथ से देख लीजिए.’ रांगेत पुढे पोचल्यावर नाही, त्याआधी बोलावे. रोल खोक्यांतून आणि काळ्या डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत एकत्र ठेवावे, म्हणजे एका नजरेत काय आहे ते दिसते. सर्वांत तेज रोल वर ठेवावा. ३२०० हा आकडा दिसला की समजावणे सोपे जाते. गर्दीच्या सकाळी नकार मिळू शकतो. तेव्हा हुज्जत घालण्यात अर्थ नाही. साधे यंत्र असेल आणि रोल १०० चा असेल तर सोडून द्यावे.

कॅमेऱ्यात अर्धा रोल भरलेला ठेवून मात्र जाऊ नये. तपासणाऱ्याने आत काय आहे पाहायला पाठचे झाकण उघडले की तिथेच लाइट लागते, आणि त्याचा दोष त्याला देता येत नाही. त्याच्या वयाच्या माणसाने रोलचा कॅमेरा पाहिलेला असेलच असे नाही. रोल संपवून, गुंडाळून, काढून घ्यावा. शटर दाबून दाखवा असे सांगितले तर रिकामा कॅमेरा खुशाल दाबता येतो.

शिशाच्या पिशव्यांचे काय? काही काळ त्या फार खपल्या. पडद्यावर पिशवी म्हणजे आरपार न दिसणारा काळा ठोकळा, आणि काळा ठोकळा दिसला की बॅग बाजूला काढून उघडतात. म्हणजे शेवटी हाताने तपासणी होतेच, फक्त संशय जमा करून. त्यापेक्षा सरळ सांगितलेले बरे.

बाकी सामानाची गोष्ट थोडक्यात. बोरला येणाऱ्यांची खरी अडचण किरणांची नाही, वजनाची आहे. हातातल्या सामानाला देशांतर्गत विमानांत साधारण सात किलोची मर्यादा, आणि ६०० मिलिमीटरची एक मोठी लेन्सच तीन किलोच्या घरात. कॅमेरा, दुसरी लेन्स, चार्जर धरले की काटा पुढे जातो, म्हणून जाकिटाच्या खिशांत बॅटऱ्या कोंबून रांगेत उभी असलेली माणसे दिसतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच, मोठ्या बॅगेत नाही. विमानाच्या पोटात बॅटरीने पेट घेतला तर विझवायला तिथे कुणी नसते. मर्यादा १०० वॅट-तासांची, आणि १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने. हिशेब सोपा: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. कॅमेऱ्याची बॅटरी पंधराएक वॅट-तासांची, २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ ची. टोकांना चिकटपट्टी लावावी. ट्रायपॉड, विशेषतः टोकदार खिळ्यांचा, मोठ्या बॅगेत टाकलेला सोयीचा. धूळ उडवायचा रबरी पंप काही कंपन्या पंख लावून अगदी क्षेपणास्त्राच्या आकाराचा बनवतात. ज्याने हा आकार ठरवला तो कधी विमानतळावर गेला नसावा.

परदेशी जाताना महागडा कॅमेरा असेल तर निघण्यापूर्वी सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. त्यात कॅमेऱ्याचा क्रमांक नोंदवतात, आणि परत येताना ‘हा तिकडून आणला काय’ हा प्रश्न उरत नाही. विमानतळावर फोटो काढण्याचा मोह मात्र आवरावा. १९३७ च्या विमान नियमांतला तेरावा नियम परवानगीविना विमानतळाचे फोटो काढू देत नाही. उडत्या विमानात साध्या प्रवाशाने आठवणीसाठी फोटो काढायला हरकत नाही, गोंधळ होईल असे चित्रण मात्र नको, असे २०२० साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने स्पष्ट केले. नागपूर विमानतळाला लागून सोनेगावला हवाई दलही आहे. दारूगोळ्याचे पुलगाव भांडार ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’ची पाटी नवी नाही.

आणि आता ज्याकडे कुणी पाहत नाही तो शत्रू: वर्ध्याचा मे महिना. पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीतले तापमान त्याहून किती चढते ते स्टिअरिंगला हात लावून कळते. उष्णतेनेही फिल्मवर फॉग चढतो, रंगांचा तोल जातो, आणि फोटो काढून झालेल्या रोलवरची सुप्त प्रतिमा विरत जाते. पट्ट्यावर दोन सेकंद गेलेल्या रोलपेक्षा दुपारभर डॅशबोर्डवर राहिलेला रोल अधिक वाया जाण्याचा संभव. फ्रिजमधून काढलेला रोलही लगेच उघडू नये. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डबी बंद ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात आत दव धरते.

ज्याला जमते त्याने विमानात बसण्याआधीच रोल धुवावा. कृष्णधवल रोल घरी धुता येतो. १९२७ पासून चालत आलेला डी-७६ डेव्हलपर अजून वापरात आहे, आणि त्याच्या वेळा २० अंशांना दिलेल्या असतात. वर्ध्यात उन्हाळ्यात टाकीचे पाणी नळातून चहाला ठेवल्यासारखे येते, म्हणून घमेल्यात बर्फ घालून त्यात डेव्हलपरची बाटली बुडवावी आणि थर्मामीटर लावून थांबावे. २४ अंशांच्या वर गेले की वेळ इतकी आखूड होते की चुकायला जागा उरत नाही. डेव्हलपरनंतर हायपो. न उजळलेले सगळे चांदीचे क्षार हायपोत विरघळून जातात आणि फिल्मवर उरते ती फक्त काळी चांदी, जिला ना उजेड कळतो ना क्ष-किरण. मग ती निगेटिव्ह मोठ्या बॅगेत टाका की सीटीतून दहा वेळा न्या.